हळकुंड मोडता, मग प्लाय का नाही?

पुसेगाव म्हटलं की उभ्या महाराष्ट्राला साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. आपलं सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव आठवणीनं लक्षात ठेवतात ते दोघंच. एक मतं मागणारा आणि दुसरा किचन ट्रॉलीवाला. पहिला निवडणुकीला उगवतो. दुसरा वास्तुशांतीचा मुहूर्त निघाला की हजर होतो, सोफ्यावर बसून चहा पितो, इसार घेऊन जातो. आणि पुढं चॅनल अडकलं, बिजागरी निखळली की त्यालाही आपलं गाव नकाशात सापडेनासं होतं. मग फोनवर एकच उत्तर, "भाऊ, पोरगं तिकडं आलं की पाठवून देतो." ते पोरगं कधी येत नाही.

आपल्या जिल्ह्याचा माणूस भोळा आहे असं कुणी म्हणू नये. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात जाऊन बघा. व्यापारी ढिगात हात घालतो, हळकुंड उचलतो, कटकन मोडतो आणि आतला रंग बघितल्याशिवाय भाव बोलत नाही. शेतकरीही कमी नसतो, काट्याकडं त्याची नजर असते आणि पट्टीतली कपात तो बोटं मोडून मोजतो. तोच माणूस दुसऱ्या दिवशी शोरूमच्या एसीत बसतो आणि गुळगुळीत कॅटलॉगमधल्या फोटोवर बोट ठेवून साठ टक्के रक्कम मोकळी करतो. सनमायक्याच्या आत काय दडलंय ते विचारत नाही. विचारलंच तर उत्तर तयार असतं, "वॉटरप्रूफ आहे, काका. टेन्शनच घेऊ नका."

वॉटरप्रूफ हा शब्द बोलायला पैसे पडत नाहीत. प्लायवूडचं खरं नाव आकड्यात असतं. आयएस ३०३ म्हणजे साधा प्लाय. त्यातला एमआर प्रकार दमट हवा सोसतो, पण रोज बादलीभर पाणी ओतून ओटा धुणाऱ्या घरात त्याचा निभाव लागत नाही. बीडब्ल्यूआर थोडा दणकट. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, आणि त्याची परीक्षा ७२ तास उकळत्या पाण्यात होते. फळीवर नुसता ७१०चा शिक्का बघून भुलू नका, शिक्का काय कुणीही मारतो. आयएसआय चिन्हाखाली सीएम/एल असा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे की संपला ते कळतं. एवढाही विश्वास नसेल तर दुकानदाराकडून वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी उकळत ठेवा. हळद शिजवायच्या कढया आपल्याकडं काय कमी आहेत? तुकड्याचे पापुद्रे सुटले तर इसार द्यायची गरजच उरली नाही. आणि दुकानदारानं तुकडा द्यायलाच नकार दिला, तर उकळायचा त्रासही वाचला.

हळदीचा विषय निघालाच आहे तर रंगाचं बोलू. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच जिल्ह्यात ट्रॉलीवाले दुधासारखी पांढरी ॲक्रिलिकची दारं खपवतायत! कॅटलॉगमधल्या बाईच्या हाताला हळद लागलेली कधी बघितली का? ती तिथं सफरचंद कापत असते.

स्टीलची गंमत तर आणखी न्यारी. फिटर खिशातून लोहचुंबक काढतो, ट्रॉलीला लावतो, चुंबक चिकटत नाही, आणि तो विजयी मुद्रेनं म्हणतो, "बघा, ३०४ आहे." अहो, स्वस्तातल्या २०२ला तरी चुंबक कुठं नीट चिकटतं! ३०४ मध्ये निकेल ८ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असतं. २०२ मध्ये ते कमी करून मँगनीजवर भागवलेलं असतं, म्हणून ते लवकर गंजतं. चुंबकाचा हा प्रयोग जादूगाराला शोभतो. ग्रेड बिलावर लिहून मागा, मग मुद्रा बघा.

सगळ्यात मोठी मौज मापाची. ओटा व्हायचाय, टाइल्स बसायच्यात, प्लास्टर ओलं आहे, आणि ट्रॉलीवाला टेप लावून मोकळा. दोन महिन्यांनी माल येतो आणि डबा भिंतीत शिरत नाही. दुकानदार म्हणतो फिटरनं माप चुकवलं. फिटर म्हणतो भिंतच गुण्यात नाही. गवंडी म्हणतो प्लंबरनं पाइप पुढं काढला. प्लंबर सध्या दुसऱ्या साइटवर आहे. या चौघांच्या मधे घरधनीण उभी, आणि भांडी अजून पोत्यात. म्हणून माल एकाकडून आणि फिटिंग दुसऱ्याकडून घेऊन हजार-दोन हजार वाचवणाऱ्या हुशारांनी आधी चौघांचंही भांडण ऐकून घ्यायची तयारी ठेवावी. माप घेणारा, माल देणारा आणि बसवणारा एकाच कागदावर, एकाच सहीखाली हवा.

दराचंही तसंच. "स्क्वेअर फुटाला इतके" हा आकडा कानाला गोड लागतो. पण त्यात बास्केट धरली का, चॅनल कुठल्या कंपनीचं, हँडल, खालची स्कर्टिंग, गाडीभाडं, फिटिंग? हे सगळं नंतर एकेक करून उगवतं. घरकुल योजनेत अख्ख्या घराचं मूळ अनुदान १ लाख २० हजार. शोरूमवाल्याला तेवढ्यात एल आकाराचं किचन नीट बसत नाही म्हणे.

आमचं मत विचाराल तर पुसेगावासारख्या गावात जुनी पद्धतच बरी. ओट्याखाली कडप्प्याचे उभे कप्पे, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या आणि बाहेरून फक्त दारं. कडप्प्याला वाळवी लागत नाही, उंदीर कुरतडत नाही, आणि पाण्यानं तो फुगत नाही. दार खराब झालं तर गावातला सुतार बदलून देतो, कंपनीच्या पोराची वाट बघावी लागत नाही. दिसायला कॅटलॉगसारखं होत नाही हे खरं. पण गॅसची टाकी बंद कपाटात कोंबून वर सुंदर दार लावायचा सोस तरी सोडा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. त्या कप्प्याला तळाशी हवा जायला वाट नसेल तर तो कप्पा शोभेचा नाही, धोक्याचा आहे.

आता पैशाचं. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिलं, त्यातली बलुत्याची रीत आठवा. सुतारानं वर्षभर नांगर-वखर दुरुस्त करायचे आणि आपला वाटा पीक खळ्यावर आल्यावर घ्यायचा. ती पद्धत जातीच्या खुंट्याला बांधलेली होती, ती परत आणा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण काम आधी आणि मोबदला नंतर, एवढं तिच्यातलं उचलायला काय हरकत आहे? आज उलटं झालंय. पैसे आधी मोजायचे, काम देवाच्या मर्जीवर. मजुरीचा इसार जरूर द्या, त्याचंही पोट आहे. मात्र शेवटचा हप्ता दारं सरळ लागल्यावर, ट्रॉल्या भरलेल्या डब्यांसकट उघडमीट करून बघितल्यावरच सुटावा.

"बिल नको, १८ टक्के वाचतील" हा सल्ला तर इतक्या आपुलकीनं दिला जातो की डोळ्यांत पाणी यावं. वाचतात ते त्याचे. बिल न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल नसलं की पुढं तुम्ही ग्राहक होतात हे सिद्ध करता करताच दमछाक होते. पावतीवर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं ठळक छापणाऱ्यांनीही हा कायदा एकदा वाचावा. सदोष माल परत घ्यायला नकार देणं त्याच यादीत बसतं.

तेव्हा पुसेगावकरांनो, या हंगामाच्या हळदीचे पैसे ट्रॉलीवाल्याच्या हातात ठेवण्याआधी त्यानं आजूबाजूच्या गावांत चार-पाच वर्षांपूर्वी बसवलेलं एखादं किचन बघून या. नवं नको, वापरून झिजलेलं बघा, आणि घरच्या बाईला विचारा की हाक मारल्यावर माणूस आला का. करारावर प्लायचा आयएस क्रमांक, स्टीलची ग्रेड, तारीख आणि हप्ते लिहून घ्या. फसलातच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. दुकान नांदेडला असो की संभाजीनगरला, तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, आणि मुदत वाद उभा राहिल्यापासून २ वर्षांची आहे.