नकाशावर दावा कसा ठोकावा: नवशिक्या वादींसाठी मार्गदर्शिका

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ही पुस्तिका उरलेल्यांसाठी आहे. तुम्ही अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, दर दोन वर्षांनी इमानेइतबारे मत देता, राज्यभरात तुमच्या बाजूची मते निम्म्याहून जास्त भरतात, आणि तरी निकालाच्या रात्री जागा मात्र समोरच्याच्याच जास्त, असे होत असेल तर पुढे वाचावे. २०१८ मध्ये विस्कॉन्सिनच्या विधानसभेत डेमोक्रॅटिक उमेदवारांना मिळून सुमारे ५३ टक्के मते पडली आणि जागा मिळाल्या ९९ पैकी ३६. ही लक्षणे ओळखीची वाटली तर पुस्तिका तुमचीच. ग्रीन कार्डावर अडकलेल्यांनी ती शेजाऱ्याला द्यावी; ज्याला मतच नाही, त्याला मत वाया गेल्याचे दुःख करता येत नाही.

आधी निदान

दर दहा वर्षांनी जनगणना होते, मतदारसंघांच्या रेषा नव्याने आखल्या जातात, आणि बहुतेक राज्यांत त्या आखण्याचे काम राज्याचे विधिमंडळच करते. (आपल्याकडे लोकसभा-विधानसभेसाठी हे काम न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालचा मतदारसंघ पुनर्रचना आयोग करतो आणि घटनेचे कलम ३२९ त्याच्या आदेशाविरुद्ध कोर्टात जायला मज्जाव करते. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, उघड मनमानी असेल तर बघू, एवढे दार किलकिले केले. म्हणून खटल्याचा हा प्रकार आपल्याकडे फारसा रुजला नाही. महापालिकेच्या प्रभागरचनेवर पडणाऱ्या हरकतींचे गठ्ठे पाहता हौसेची कमतरता आहे असे मात्र नाही.)

युक्त्या दोनच. विरोधकांचे मतदार एका मतदारसंघात ठासून भरायचे, म्हणजे तिथे ते दणदणीत जिंकतात आणि बाकीकडे संपतात. किंवा त्यांना तीन-चार ठिकाणी असे पांगवायचे, की बहुमत कुठेच होऊ नये. नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरो इथल्या कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठाचे आवारच २०१६ मध्ये दोन मतदारसंघांत कापले गेले. वसतिगृह एका खासदाराचे, पलीकडचे दुसऱ्याचे.

हे एकाच पक्षाचे पाप, अशी समजूत असेल तर मेरीलँडचा सहावा मतदारसंघ पाहावा. २०११ मध्ये तिथे लोकसंख्या १०,००० ने जास्त भरली होती. तेवढी माणसे शेजारी सरकवली की काम झाले असते. सत्ताधारी डेमोक्रॅट्सनी सुमारे ३,६०,००० बाहेर काढली आणि ३,५०,००० आत आणली. वीस वर्षे तिथून निवडून येणारा रिपब्लिकन खासदार पुढच्याच निवडणुकीत आपटला.

नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे आकारावर भाळणे. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी सही केलेल्या नकाशातला एक मतदारसंघ बॉस्टनच्या वृत्तपत्राने पंख-नखांसकट छापला, तेव्हापासून लोक नकाशात प्राणी शोधत बसले आहेत. पेनसिल्व्हेनियाच्या सातव्या मतदारसंघाला ‘डोनाल्ड डकला लाथ मारणारा गूफी’ म्हणत. एका जागी त्याची रुंदी एका हॉटेलाच्या इमारतीएवढीच होती. अशी चित्रे वर्तमानपत्रात छान दिसतात. पण आता आखणी संगणकावर होते आणि घरोघरचा मतदानाचा अंदाज त्यात भरलेला असतो, त्यामुळे सुबक, गुळगुळीत कडांचा नकाशाही तेवढाच लबाड असू शकतो. नॉर्थ कॅरोलिनाचा २०१६ चा नकाशा आधीच्यापेक्षा नीटनेटका होता. त्यात सुमारे ५३ टक्के मतांवर रिपब्लिकन पक्षाला १३ पैकी १० जागा मिळाल्या.

वादी कुठे राहतो ते पाहावे

वादी तळमळीचा असून भागत नाही, त्याचा पत्ताही बरोबर हवा. विस्कॉन्सिनच्या खटल्यात पहिले वादी होते विल्यम व्हिटफोर्ड, कायद्याचेच निवृत्त प्राध्यापक. त्यांची चूक एवढीच, की ते मॅडिसनला राहत. मॅडिसनमध्ये नकाशा कसाही फिरवला तरी डेमोक्रॅटच निवडून येतो. मग तुमचे वैयक्तिक नुकसान काय झाले, असे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विचारले आणि खटला परत पाठवला. तेव्हा दावा करण्यापूर्वी घर बदलता येते का ते पाहावे. भाड्याचे चालेल.

गणित न्यावे, पण लपवून

तुमच्या बाजूला प्राध्यापक लागतील. एक मापन असे आहे: हरलेल्या उमेदवाराची सगळी मते आणि जिंकलेल्याची गरजेपेक्षा जास्तीची मते ‘वाया’ धरायची, दोन्ही पक्षांची वाया मते मोजायची, फरकाला एकूण मतांनी भागायचे. चौथीच्या पोराला जमेल. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मात्र २०१७ च्या सुनावणीत, कदाचित माझ्या शिक्षणाचा दोष असेल, अशी प्रस्तावना करून या सगळ्याला समाजशास्त्रीय बडबड ठरवले. हार्वर्डचे पदवीधर असे म्हणाले की भागाकार मागे घ्यावा.

त्याहून दमदार म्हणजे संगणकाने केलेले पर्यायी नकाशे. पक्षाचा फायदा वगळून बाकी सरकारी निकष पाळायला सांगायचे आणि यंत्राला हजारो नकाशे काढू द्यायचे. नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यात एका तज्ज्ञाने असे ३,००० नकाशे आणले. त्यातल्या एकूण एक नकाशात डेमोक्रॅट्सना प्रत्यक्षापेक्षा किमान एक जागा जास्त मिळत होती. यापेक्षा स्वच्छ पुरावा मी तरी पाहिलेला नाही. खटला हरला.

कबुलीजबाबाचा भाग (हा दोनदा वाचावा)

इतर दिवाणी-फौजदारीत आरोपीने गुन्हा कबूल केला की वकील पेढे वाटतात. इथे कबुली मिळाली तर सावध व्हावे.

झाले असे. २०१६ च्या फेब्रुवारीत फेडरल न्यायालयाने नॉर्थ कॅरोलिनाचा जुना नकाशा वंशाच्या आधारावर आखला म्हणून फेटाळला. नवा नकाशा करताना समितीचे रिपब्लिकन सहअध्यक्ष डेव्हिड लुईस यांनी भर बैठकीत सांगितले, की हा नकाशा दहा रिपब्लिकन आणि तीन डेमोक्रॅट निवडून यावेत अशा बेताने करू, कारण अकरा-दोन करणे शक्य दिसत नाही. नवख्या वादीला वाटेल, सापडला चोर. चोर सापडला नव्हता, तो पावती फाडत होता. वंशावरून भेद केला तर घटना आडवी येते. पक्षावरून केला तर काय होते, हे तेव्हा कोणालाच नक्की माहीत नव्हते. लुईस यांनी दुसऱ्या गुन्ह्याची कबुली देऊन पहिल्यातून सुटका करून घेतली.

२७ जून २०१९ रोजी उत्तर मिळाले. पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की असे नकाशे अन्याय्य वाटतात हे खरे, पण किती पक्षपात म्हणजे अति हे ठरवायला आमच्याकडे माप नाही; हा राजकीय प्रश्न आहे, फेडरल न्यायालयांनी यात पडू नये. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी भिन्नमत लिहिले आणि मेरीलँडची ती माणसांची ने-आण आकड्यांनिशी मांडली. भिन्नमत वाचनीय आहे. त्यावर जागा मिळत नाहीत.

पुढचा धडा साउथ कॅरोलिनाचा. चार्ल्सटनच्या परिसरातले सुमारे ३०,००० कृष्णवर्णीय मतदार पहिल्या मतदारसंघातून उचलून दुसरीकडे टाकले गेले. राज्याचा बचाव: आम्ही वंश पाहिला नाही, ते डेमोक्रॅटांना मत देतात एवढेच पाहिले. मे २०२४ मध्ये सहा विरुद्ध तीनने हा बचाव टिकला. वंश आणि पक्ष वेगळे करून दाखवण्याचे ओझे वादीवर आणि विधिमंडळाची नियत चांगली हे गृहीत. म्हणजे प्रतिवादीला आता एवढेच सिद्ध करायचे असते, की आमचा हेतू वाईट होता, पण तुम्ही म्हणता तो नव्हता.

गुप्त पुरावा मात्र अजून कामाचा आहे. रिपब्लिकन पक्षाचे नामांकित नकाशाकार थॉमस हॉफेलर आपल्या श्रोत्यांना बजावत, की ईमेल हे सैतानाचे हत्यार आहे, लिहाल ते पहिल्या पानावर छापून येईल असे समजून लिहा. २०१८ मध्ये ते वारले. त्यांच्या मुलीला घरात त्यांच्या हार्ड डिस्क सापडल्या आणि तिने त्या थेट वादींच्या हवाली केल्या. सप्टेंबर २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या राज्य न्यायालयाने विधिमंडळाचे नकाशे रद्द केले, त्यात या डिस्कांचा हात होता. प्रतिपक्षाचे कौटुंबिक संबंध कसे आहेत, याची चौकशी वकिलाकडून अवश्य करवून घ्यावी.

कोणत्या कोर्टात जावे

फेडरल दार बंद झाले, म्हणजे उरले राज्याचे सर्वोच्च न्यायालय. पेनसिल्व्हेनियाच्या घटनेत निवडणुका मुक्त आणि समान असाव्यात असे एक वाक्य आहे, त्याचे मूळ १७९० चे. त्यावर बोट ठेवून तिथल्या न्यायालयाने २०१८ मध्ये गूफीला निकालात काढले आणि स्वतः नकाशा दिला. आधीच्या तीन निवडणुकांत १३-५ असलेले पारडे त्या वर्षी ९-९ झाले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च कोर्टाने डेमोक्रॅट्सचा नकाशा तसाच मोडला.

मात्र अर्ज करण्यापूर्वी न्यायाधीशांची निवडणूक कधी आहे ते कॅलेंडरवर पाहावे. थट्टा नाही. नॉर्थ कॅरोलिनात न्यायाधीश पक्षाच्या नावावर निवडून येतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये चार विरुद्ध तीनने नकाशे रद्द केले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत बहुमत फिरले. एप्रिल २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच खटल्यात, पाच विरुद्ध दोनने सांगितले, की हा विषय आमचा नाहीच. घटनेचे एक अक्षर बदलले नव्हते. २०२२ मध्ये ७-७ असलेल्या जागा २०२४ मध्ये १०-४ झाल्या. विस्कॉन्सिनमध्ये काटा उलटा फिरला: एप्रिल २०२३ मध्ये नव्या न्यायमूर्ती निवडून आल्या आणि डिसेंबरात नकाशे पडले, तेही पक्षपातासाठी नव्हे, तर मतदारसंघांचे तुकडे एकमेकांना चिकटलेले नाहीत म्हणून. कारण कोणतेही चालते.

ओहायोत जाणाऱ्यांनी डबा बरोबर न्यावा. तिथे जनतेने घटनादुरुस्ती करून पक्षपाती नकाशांना मनाई केली होती. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने विधिमंडळाचे नकाशे एकामागून एक पाच वेळा फेटाळले, रिपब्लिकन मुख्य न्यायमूर्ती मॉरीन ओ’कॉनर यांचे निर्णायक मत धरून. नकाशे आखणारा राज्याचा आयोग दर वेळी थोडा हलवून पुन्हा तोच माल आणत राहिला. शेवटी निवडणूक तोंडावर आली म्हणून फेडरल न्यायालयाने फेटाळलेल्यांपैकीच तिसरा नकाशा लावून दिला. ओ’कॉनर वयोमर्यादेमुळे त्या वर्षाअखेर निवृत्त झाल्या. प्रतिवादीने काय करावे, याचा यापेक्षा संपूर्ण वस्तुपाठ नाही: हरत राहावे आणि घड्याळ पाहावे.

काळ-वेळ

निवडणुकीच्या फार आधी गेलात तर नुकसान अजून झालेले नसते. फार उशिरा गेलात तर २००६ पासूनचे तत्त्व आडवे येते, की निवडणूक जवळ आली असता न्यायालयाने नियम बदलू नयेत. या दोहोंच्या मधला मुहूर्त कोणत्याही पंचांगात नाही.

पूर्वी दहा वर्षांत एकदाच धावपळ करावी लागे. आता तेही सुख गेले. २०२५ मध्ये टेक्सासने मध्येच रिपब्लिकन पक्षाच्या पाच जागा वाढवण्यासाठी नवा नकाशा केला. गणपूर्ती मोडायला डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून इलिनॉयला जाऊन बसले, तरी तो मंजूर झाला. कॅलिफोर्नियाने उत्तरादाखल ४ नोव्हेंबरला सार्वमत घेऊन आपला नकाशा उलट्या बाजूने वाकवला. टेक्सासचा नकाशा एल पासोच्या न्यायालयाने वंशभेदाच्या कारणावरून रोखला, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबरात तो पुन्हा चालू केला. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी लिहिले, की टेक्सास काय आणि कॅलिफोर्निया काय, दोन्ही नकाशांमागे निव्वळ पक्षाचा फायदा आहे. हे वाक्य नकाशाच्या बाजूने लिहिलेले आहे, हे वरचा कबुलीजबाबाचा भाग दोनदा वाचलेल्यांना सांगायला नको.

पुढची जनगणना १ एप्रिल २०३० रोजी आहे. वकीलपत्रावर आजच सही करून ठेवावी, तारखेची जागा कोरी सोडावी.