डोंगर नसलेल्यांसाठी डोंगर-धाव : वाशीम जिल्ह्याकरिता मार्गदर्शिका

सह्याद्रीत साधारण डिसेंबरात एक शर्यत होते. नाव एसआरटी अल्ट्रा. एस म्हणजे सिंहगड, आर म्हणजे राजगड, टी म्हणजे तोरणा. या तीन किल्ल्यांची वाट पुण्याची मंडळी पूर्वी दोन-तीन दिवस घेऊन, पाठीवर सॅक टाकून, मुक्कामाच्या गावी पिठलं-भाकरी खात, उन्हाला आणि एकमेकांना नावं ठेवत चालायची. आता तीच वाट, ५३ किलोमीटर, एका दमात धावायची असते आणि वर त्याचे पैसे आपणच भरायचे असतात. ११, २५ आणि १०० किलोमीटरचेही गट आहेत. पण ११वाल्याला गावात कुणी विचारत नाही आणि १००वाल्याला घरात कुणी विचारत नाही. म्हणून प्रस्तुत मार्गदर्शिका ५३ किलोमीटरच्या उमेदवारापुरती मर्यादित ठेवली आहे. उमेदवार वाशीम जिल्ह्याचा रहिवासी असावा. बाकी अटी शिथिल.

पात्रतेची काळजी करू नये. २०१८ साली केंद्र सरकारने देशातले आकांक्षित जिल्हे जाहीर केले, त्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि वाशीम होते. आकांक्षा बाळगणं हे तेव्हापासून इथलं अधिकृत धोरण आहे. ती ५३ किलोमीटर धावण्याची असू नये, असं कोणत्याही परिपत्रकात म्हटलेलं नाही.

पहिला आक्षेप ठरलेला : वाशीमला डोंगर कुठाय? हा आक्षेप नीट तपासला की उलटाच निघतो. अकोला समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आत, वाशीम साडेपाचशेच्या आसपास. अजिंठ्याच्या रांगेचा पसरट माथा, तोच हा जिल्हा. काटेपूर्णा इथे उगम पावते, उत्तरेला पूर्णेत जाते, पूर्णा तापीत आणि तापी अरबी समुद्रात. दक्षिण उताराचं पाणी पैनगंगेत, तिथून वर्धेत, पुढे गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात. एकाच गावातल्या दोन धुऱ्यांवर पडलेला पाऊस देशाच्या दोन बाजूंना निघून जातो. अशी फाटाफूट सपाटीवर होत नसते, ती डोंगरावरच होते. तात्पर्य, वाशीमकर जन्मतःच माथ्यावर बसलेला आहे. त्याला चढ सापडत नाही, कारण तो आधीच चढलेला आहे. चढाचा सराव हवा असेल तर त्याने प्रथम उतरावं.

उतरण्यासाठी सोयीची ठिकाणं दोन. पहिलं पातूरचा घाट. मालेगाव–मेडशीकडून घाटात उतरायचं आणि मग वळून पुन्हा वर यायचं. वळून वर येणं हा तांत्रिकदृष्ट्या अवघड भाग आहे, कारण घाटात खाली गेलेला माणूस सहसा कामानेच गेलेला असतो आणि तो पुढे अकोल्यालाच जातो. नुसता वळणारा माणूस संशयास्पद दिसतो. समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा बाजूने धावावं. एखादा ट्रक हमखास थांबतो आणि क्लीनर मान बाहेर काढून म्हणतो, "बसा ना भाऊ, पैसे नोका देऊ." हे आमंत्रण नाकारणं म्हणजे मानसिक तयारी. जो पहिल्याच आठवड्यात बसला, त्याने ११ किलोमीटरच्या गटात नाव घालावं.

दुसरं ठिकाण लोणार. ते बुलढाणा जिल्ह्यात आहे हे खरं, पण रिसोडवरून तासाभराची वाट, आणि खड्ड्याच्या बाबतीत जिल्हाभिमान बाळगू नये. उल्का आदळून झालेलं हे विवर व्यासाने सुमारे १.८ किलोमीटर आणि काठापासून १३७ मीटर खोल. सिंहगडाचा पायथ्यापासूनचा चढ सहाशे मीटरच्या आसपास धरतात. म्हणजे आजचा भाव : एक सिंहगड बरोबर साडेचार लोणार, घासाघीस नाही. युरोपात मॉ ब्लाँ पर्वताला वळसा घालणारी जी प्रसिद्ध शर्यत आहे तिचा एकूण चढ दहा हजार मीटरच्या घरातला, तिला त्र्याहत्तर लोणार पडतील. तूर्त आपण साडेचारावरच थांबू.

लोणारला उलट्या क्रमाचा एक फायदा आहे. लोकांना वाटतं चढ मांड्या मोडतो. चढ दम मोडतो, मांड्या मोडतो तो उतार, कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार रोखून धरावा लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी जे कण्हणं ऐकू येतं ते उतारामुळे. विवरात आधी उतार येतो आणि दमलेल्या मांड्यांनी चढ काढावा लागतो, म्हणून हा सराव उत्तम. मात्र ते अभयारण्य आहे. वन विभागाची वेळ, वाट आणि मनाई पाळावी आणि 'खड्डा रिकामाच तर आहे' असा युक्तिवाद तिथल्या माणसाशी करू नये. धावताना सरोवराचं पाणी गुलाबी दिसलं तर गोंधळू नये. जून २०२० मध्ये ते खरोखरच गुलाबी झालं होतं, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचं खापर खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांवर फोडलं होतं. पण तुम्हाला गुलाबी दिसतंय आणि शेजारच्याला हिरवंच दिसतंय, असं असेल तर सावलीत बसून मीठ-साखरेचं पाणी घ्यावं.

सरावाचं वेळापत्रक खरीप हंगामाला बांधून घ्यावं. मृगाला सुरुवात, डिसेंबरात काढणी. पेरणीच्या दिवसांत पाऊस झाला की पांदण रस्त्याने धावायला निघावं. काळी माती जोड्याला अशी धरते की शंभर पावलांत तळव्याखाली दुसरा जोडा तयार होतो आणि दोनशे पावलांत तिसरा. शहरातले धावपटू घोट्याला बांधायची वजनं दुकानातून विकत आणतात. इथे ती फुकट मिळतात आणि घरी आल्यावर काडीने खरवडून काढावी लागतात. त्यातच पोटऱ्या, घोटे आणि कंबर यांचा सगळा व्यायाम होतो. आठवड्याचं अंतर मात्र थोडं थोडंच वाढवावं. एका रविवारी उत्साहात दुप्पट धावलेला उमेदवार पुढचे तीन रविवार पडवीत बसून इतरांना मार्गदर्शन करताना आढळतो.

रात्रीच्या धावण्याविषयी वाशीमकराला शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. शर्यत सुरू होते तेव्हा उजाडलेलं असेलच असं नाही, म्हणून कपाळाला बांधायची बॅटरी सामानाच्या यादीत सक्तीची असते. इकडे ती आधीपासूनच प्रत्येक खुंटीला टांगलेली असते, कारण शेतीला लाइन रात्रीची असते. हरभऱ्याला पाणी द्यायचं, तर मध्यरात्री उठून विहिरीवर जायचं. स्टार्टर दाबेपर्यंत लाइन जाते. मग डीपीपर्यंत, तिथून परत विहिरीपर्यंत, पुन्हा डीपीपर्यंत. पायाखाली काय आहे ते बॅटरीच्या उजेडात ओळखायचं आणि ते हललं तर वेग वाढवायचा. जागलीवर असाल तर पहाटेकडे रोहींचा कळप येतो. कळपामागे धुऱ्यापर्यंत जीव तोडून धावायचं, तो पलीकडच्याच्या शेतात गेला की थांबून श्वास घ्यायचा, पलीकडच्याने हाकलून तो परत आपल्याकडे पाठवला की पुन्हा धावायचं. तेज धाव, विश्रांती, पुन्हा तेज धाव. मोठ्या शहरांत याच पद्धतीचे प्रशिक्षक महिन्याला फी घेतात. रोही घेत नाहीत. ते हरभरा घेतात.

आता जोड्यांविषयी. खास डोंगरी धावण्याचे जोडे मिळतात, तळाला खाचा असतात, किंमत ऐकल्यावर माणूस आधी खाली बसतो. अर्धा नंबर मोठे घ्यावेत, कारण लांब पल्ल्यात पाय सुजतात आणि उतारावर अंगठे पुढे आपटून नखं काळी पडतात. काळं नख लपवू नये, जाणकारांत ते पदकाच्या वरचं समजतात. खरेदीपूर्वी मात्र एक काम करावं. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी पावसाच्या तोंडाला मालेगाव, शिरपूर, रिसोड करत जिल्ह्यातून जाते, तिच्याबरोबर एक दिवस चालावं. सातशे किलोमीटरच्या वरचा पल्ला, महिन्याभराची वाट. लागोपाठच्या दिवशी दमलेल्या पायांनी लांब पल्ला काढणं, यालाच अल्ट्राच्या पुस्तकांत सरावाचं सार म्हणतात. तुमच्या शेजारून एखादी आजी साध्या चपलेवर, डोक्यावर तुळस घेऊन, अभंग न तोडता पुढे निघून जाईल. तिला तुमच्या जोड्याची किंमत सांगू नये. विचारलीच तर निम्मी सांगावी, तरीही ती थांबून तुमच्याकडे बघेल. मानोरा तालुक्यात पोहरादेवीला जमणाऱ्या बंजारा समाजाशीही या विषयावर बोलताना बेताने बोलावं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून घाटामागून घाट ओलांडत होते, आणि अख्खा तांडा सोबत असल्याने त्यांना, डोंगरात एकटं पडल्यावर मदतीसाठी फुंकायला धावपटू बाळगतात तशी, पाठीवरच्या पिशवीत शिट्टी बाळगावी लागत नव्हती.

आहाराचं थोडक्यात. दुकानात चिकट गोड पदार्थ पुड्यांत मिळतो, तो दर अर्ध्या-पाऊण तासाने चोखतात. गूळ-शेंगदाण्याने तेच काम होतं, फक्त धावताना चघळण्याची सवय आधी करावी, नाहीतर ठसका लागून शर्यत संपते. तहान लागली म्हणून नुसतं पाणी ढोसू नये. घामाबरोबर मीठ गेलेलं असतं, त्यात नुसत्या पाण्याची भर पडली की रक्तातलं सोडियम उतरतं, आणि डोकं फिरण्यापासून दवाखान्यापर्यंत काहीही होऊ शकतं. हा या मार्गदर्शिकेतला एकमेव गंभीर इशारा असल्याने तो दोनदा वाचावा. शर्यतीआधीच्या दोन दिवसांत पोटभर पिष्टमय खावं असं शास्त्र आहे. वऱ्हाडात त्याची सोय रोडग्यांनी पूर्वीच करून ठेवली आहे : गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वरण, वांग्याची भाजी. वांग्याच्या भाजीच्या तर्रीबाबत मात्र उमेदवाराने आपल्या पोटाचा पूर्वेतिहास लक्षात घ्यावा. राजगडाच्या वाटेवर आडोसे कमी आहेत.

सगळ्यात खडा चढ लोकांचा. पहाटे पाच वाजता रस्त्याने पळणाऱ्या माणसाला तीन कारणं शोभतात : पोलीस भरती, एसटी सुटणे किंवा मागे कुत्रं लागणे. तुम्ही यातल्या कशातच बसत नसाल तर पारावरून हाक येणारच. "काऊन पयतेस रे बापू, कोनी मांगं लागलं काय?" खरं उत्तर देऊ नये. 'डोंगरावर धावायचं आहे' म्हटलं की 'कायले?' येतं, आणि 'कायले'ला उत्तर नाही. चाळिशीच्या आतल्या उमेदवाराने भरती म्हणावं, कुणी वयाची मर्यादा काढत बसत नाही. चाळिशीच्या वरच्याने शुगर म्हणावं. शुगर म्हटलं की लोक एकदम हळवे होतात, बसायला जागा देतात आणि बिनसाखरेचा चहा मागवतात. घरच्यांना मात्र प्रवेश शुल्काचा आकडा दिवाळीनंतर सांगावा, सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर. सोयाबीनला भाव मिळाला नसेल तर सांगूच नये.

डॉक्टरचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. ते काढायला गेल्यावर जिने चढा, टेबलं फिरा, झेरॉक्स आणा, साहेब जेवायला गेलेत म्हणून पुन्हा खाली या, असं घडलं तर वैतागू नये, चढ मोजून वहीत लिहावा. शेवटचे दोन आठवडे अंतर कमी करायचं असतं. नेमके तेव्हाच लग्नाचे मुहूर्त असतात आणि पंगतीत "पयून पयून वाळला रे" म्हणत आग्रह होतो. हा आग्रह मोडू नये, नाहीतर लग्नघरात 'शुगर'चं प्रकरण नव्याने उघडतं.

शर्यतीच्या सकाळी सिंहगडाखाली एखादा पुणेकर तुमच्या छातीवरचा क्रमांक पाहून, मग गाव विचारून, आपुलकीने म्हणेल, "वाशीम? अरे वा. पण तिकडे डोंगर वगैरे...?" त्याला शांतपणे सांगावं की पुणं आणि वाशीम समुद्रसपाटीपासून जवळजवळ सारख्याच उंचीवर आहेत, दहा-वीस मीटरचा फरक. तो गप्प होईल आणि मनगटावरच्या घड्याळात ते तपासून पाहील. तेवढ्या वेळात पुढे निघावं. पुढचं सगळं तुम्ही आणि तुमच्या मांड्या यांच्यातलं आहे. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या चौकीवर पोचला नाहीत तर थांबवतात. थांबवणाऱ्याशी हुज्जत घालू नये, तो रात्रीपासून जागा आहे आणि त्याला पदकही मिळणार नाही.

गावाकडे फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न येईल, "कितवा नंबर आला?" पूर्ण केली, एवढंच सांगितलं तर पलीकडे शांतता पसरते. "पहिल्या हजारात" असं सांगावं. हे बहुधा खरंच असतं, आणि हजार हा आकडा गावात चांगला वाजतो.

परतीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट जातानाच काढून ठेवावं, आणि खालचाच स्लीपर घ्यावा, दहा रुपये जास्त पडले तरी. वरच्या स्लीपरला लोखंडी शिडीच्या दोन पायऱ्या असतात.