जेफ बेकची करंगळी

मला जेफ बेक आवडतो, आणि आपल्याला जेफ बेक आवडतो हे चारचौघांत सांगायला त्याहून जास्त आवडतं. एरिक क्लॅप्टन आवडतो म्हणावं तर कुणीही मान डोलावतं. मग त्यात आपलं वेगळेपण ते काय राहिलं? जिमी पेज तर टी-शर्टांवर जाऊन बसलाय. हे तिघेही यार्डबर्ड्स या एकाच बँडमधून पुढे आलेले, पण क्लॅप्टन-पेजची नावं घेतली की गप्पा सुरू होतात आणि बेकचं घेतलं की थांबतात. ‘कोण?’ असं विचारायची समोरच्याला लाज वाटते, आणि त्या अवघडलेल्या शांततेत आपण दोन इंच वर चढतो. मीरा-भाईंदरच्या सिल्व्हर पार्कातले जागेचे भाव बघता दोन इंच ही काही थोडीथोडकी मिळकत नव्हे. मात्र एखादा खमका निघाला आणि ‘आवडतो म्हणजे नेमकं काय आवडतं?’ असं त्याने विचारलं, तर ‘टोन!’ असं म्हणून डोळे मिटून घेतल्याने भागत नाही. तेव्हा कारण देतो. माझं म्हणणं असं, की गिटारीला जन्मापासून दोन खोडी आहेत. त्या दोन्ही बेकने उजव्या हाताने मोडल्या, आणि त्यातली जी जास्त चिवट, ती करंगळीने मोडली.

पहिली खोड आघाताची. तार छेडली की आवाज त्याच क्षणी सगळ्यांत मोठा असतो आणि पुढच्या क्षणापासून मरायला लागतो. गळ्याचं उलट असतं. गाणारा सूर लावतो तेव्हा तो कुठे सुरू झाला ते कळत नाही. आधी नसतो, मग असतो, मग भरत जातो. दुसरी खोड पडद्यांची. गिटारीच्या पट्टीवर सप्तकाचे बारा तुकडे करून ठेवलेले असतात आणि बोट या खणातून त्या खणात उडी मारतं. डाव्या बोटाने तार ओढून थोडं घसरता येतं, ते सगळेच करतात. बेकने ऐंशीच्या दशकात पिक टाकून दिली आणि नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. अंगठा तार छेडतो. पंजात व्हॅमी बार, म्हणजे ब्रिजला लावलेली लोखंडी दांडी. त्याचा ब्रिज स्प्रिंगांवर असा तोललेला असायचा, की दांडी दाबली तर सूर उतरतो आणि उचलली तर चढतो. राहिली करंगळी. त्याच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीचं आवाजाचं बटण तारांना इतकं लागून असतं की वाजवता वाजवता करंगळी त्यावर पोचते. बटण बंद ठेवून तार छेडायची, आघात कुणाला ऐकूच येऊ द्यायचा नाही, आणि मग करंगळीने बटण हळूच उघडायचं. सूर येतो तो छेडल्याची कुठलीही खूण न ठेवता. ‘व्हेअर वेअर यू’ ही १९८९ ची त्याची रचना ऐकावी. तीत पुष्कळ ठिकाणी तार पडद्यावर दाबलेलीच नाही. बोट नुसतं टेकवून काढलेला बारीक, पोकळ सूर आहे. असे सूर तारेवर मोजक्याच जागी मिळतात. मधली सगळी चाल त्याने दांडी कमी-जास्त दाबून काढली आहे. खाली पडदा नाही, खूण नाही, आधार नाही. केसभर चूक झाली की सूर बेसूर.

आता ‘नादिया’कडे येतो, कारण इथे मराठी माणसाची छाती फुगायची सोय आहे. नितीन सॉनी या ब्रिटिश भारतीय संगीतकाराच्या १९९९ च्या ‘बियाँड स्किन’ या अल्बममध्ये हे गाणं आहे. खाली यंत्राचा धावता ठेका आणि वर ठुमरीच्या अंगाने जाणारा एका बाईचा गळा. गायिकेचं नाव स्वाती नातेकर. हे आडनाव वाचल्यावर तुमचं जे झालं तेच माझंही होतं. बेकने हे गाणं उचललं आणि २००१ च्या ‘यू हॅड इट कमिंग’मध्ये गिटारवर वाजवलं. बाईंनी जिथे मींड घेतली, म्हणजे एका सुरातून दुसऱ्यात अखंड घसरत गेल्या, तिथे त्याने दांडी झुकवली. त्यांनी जिथे सूर हळूच सोडला तिथे याने करंगळीने बटण मिटवलं. मुरक्यांच्या जागाही गाळल्या नाहीत. म्हणजे जगातला एक थोर रॉक गिटारिस्ट पन्नाशी उलटल्यावर नातेकर आडनावाच्या बाईंपुढे शिकाऊ उमेदवार म्हणून बसला! आणि हे खूळ म्हातारपणीचं नव्हे. १९६५ साली यार्डबर्ड्सचं ‘हार्ट फुल ऑफ सोल’ ध्वनिमुद्रित होत होतं तेव्हा सुरुवातीच्या तुकड्यासाठी चक्क सतारवाला बोलावला होता. सतारीचा आवाज त्या गदारोळात किरकोळ वाटायला लागला, तेव्हा तोच तुकडा बेकने फझ, म्हणजे आवाज खरखरीत करणारं यंत्र, लावून गिटारवर वाजवला. बीटल्सच्या गाण्यात सतार आली ती त्यानंतर, त्याच वर्षाच्या डिसेंबरात. तेव्हा ‘हे तर आपलंच!’ असं म्हणून उरलेला चहा पिऊन टाकायला हरकत नसावी.

पण हरकत आहे, आणि चांगली दणकट आहे. बेकच्या त्या घसरत्या सुरांवर यान हॅमरची छाप स्पष्ट दिसते. हा चेक माणूस, महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये सिंथेसायझर वाजवायचा आणि त्याला लावलेल्या चाकाने सूर वाकवायचा. १९७६ च्या ‘वायर्ड’मध्ये दोघे एकत्र आहेत. ‘व्हेअर वेअर यू’मागे बल्गेरियातल्या बायकांच्या समूहगानाची प्रेरणा आहे. म्हणजे आपलंच म्हणायला प्राग आणि सोफियाचे लोकही रांगेत उभे आहेत. शिवाय भारतीय संगीत रीतसर अभ्यासणारा गिटारिस्ट हवा असेल तर जॉन मॅकलॉफ्लिन आहे. ‘शक्ती’ या बँडमध्ये माहीमच्या झाकीर हुसेनसमोर बसून वाजवताना त्याने पडद्यांमधली पट्टी खरवडून पोकळ करून घेतली होती, तार खोल ओढता यावी म्हणून. बेकने राग शिकल्याचा आव कधी आणला नाही. मराठीच गिटारवाला पाहिजे असा हट्ट असेल तर रॉक मशीनचा, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडचा, महेश तिनईकर आहे. त्याच्यासाठी लंडनला जायचं कारण नाही. हे सगळं मान्य. तरीही माझी छाती पुरती उतरत नाही, कारण माझ्याकडे एक पुरावा शिल्लक आहे. तो म्हणजे बाजाची पेटी.

इथे थोडं थांबावं लागेल, कारण पेटी हा माझा दुखरा भाग आहे. मींड आमची, श्रुती आमच्या, दोन सुरांमधली जागा आमची, असं गोऱ्यांना ऐकवताना आपण मराठी लोक एक गोष्ट सोयीस्कर विसरतो. आपण शंभरेक वर्षं जीव लावला तो मींड मुळीच न निघणाऱ्या वाद्यावर. पट्टी दाबली की सूर, सोडली की नाही. मध्ये काही नाही. गिटारीची तार निदान ओढता तरी येते. बालगंधर्वांसारखा मींडेचा बादशहा आणि त्यांच्या साथीला ऑर्गन! नशीब, कादरबक्षांची सारंगीही तिथेच होती आणि तबल्यावर थिरकवाँ. गोविंदराव टेंबे आधी पेटीवाले म्हणून गाजले आणि मग त्यांनी ‘मानापमाना’ला चाली दिल्या. १९४० साली आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, कारण काय, तर या वाद्यातून भारतीय सूर निघत नाहीत. शास्त्राच्या दृष्टीने हे खरंच होतं. ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. पण त्या तीस वर्षांत महाराष्ट्रातली एक तरी मैफल पेटीवाचून अडली का? उलट ती आली नसती तर बुवांनी तंबोरे गवसणीत घातले असते. पुढे आप्पा जळगावकर भीमसेन जोशींच्या मागे बसले, तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली. एवढं प्रेम मींड न येणाऱ्या वाद्यावर कसं काय जडलं? मी म्हणतो, भात्यामुळे. चांगला पेटीवाला भाता नुसता हलवत नाही. गवयाने सूर हळू लावला की तोही भाता हळू सोडतो, गवई फुलला की भरतो, आणि गवयाचा श्वास संपतो तिथे पेटीचाही संपवतो. सूर घसरवणं त्याच्या हातात नाही, पण सूर जन्माला घालणं आणि निरोप देणं आहे. शेजारच्या दोन पट्ट्या एकीवर एक निसटत्या दाबून आणि त्याच वेळी हवा कमी करून तो मींडेचा भास उभा करतो आणि कान खुशीने फसतो. म्हणजे मींड ऐकणाऱ्याला सूर किती घसरला यापेक्षा त्याचा श्वास कसा चालला यावरून कळत असते. हा शोध आमच्या पेटीवाल्यांनी आकाशवाणीच्या दाराबाहेर बसून लावला.

आणि म्हणून म्हणतो, बेकची करंगळी हा गिटारीला लावलेला भाता आहे. घसरणं गिटारीला आधीपासून येत होतं. श्वास घेणं येत नव्हतं. दांडीने सूर वाकवणारे शेकड्याने सापडतील, पण वाकत्या सुराला त्याच क्षणी करंगळीने हवा देणारे आणि काढून घेणारे फार थोडे. आता वाचक म्हणतील, फिरून फिरून ते आपलंच करून दाखवलंत ना! होय, त्याला इलाज नाही.

जाणकार यावर तीन आक्षेप घेतील. पहिला असा, की आघात हाच रॉकचा प्राण आहे; तो काढून टाकायचा तर व्हायोलिन ऐकावं. पण बेकने आघात काढून टाकलेला नाही, तो राखून ठेवला. पाच सूर छेडल्याशिवाय आल्यावर सहावा अंगठ्याने फाडून काढला की काळजात जे होतं ते सुरुवातीपासून बडवणाऱ्याच्या नशिबी नसतं. दुसरा आक्षेप अ‍ॅम्पचा: सूर लांबतो तो विजेच्या जोरावर, करंगळीचं कौतुक कशाला? वीज सुराला जिवंत ठेवते, एवढं खरं. त्या आयुष्याचं काय करायचं ते हात ठरवतो, आणि मीरा-भाईंदरात वीज सगळ्यांकडेच आहे. तिसरा आक्षेप वेगाचा, आणि इथे मात्र माझं डोकं तापतं. १९७८ साली एडी व्हॅन हेलनने ‘इरप्शन’मध्ये दोन्ही हातांनी पट्टीवर बोटं आपटून जो काही कल्लोळ केला, तो थोरच आहे, त्या माणसाच्या हातात ठेका होता आणि हसू होतं. पण त्यातलं फक्त मोजता येण्यासारखं लोकांनी उचललं. सेकंदाला सूर किती, बस्स. क्लासांच्या वार्षिक कार्यक्रमांत मुलं घड्याळाशी शर्यत लावून वाजवतात आणि पालक मोबाइल उंच धरून धन्य होतात. ख्यालातही वेग आहे, भीमसेनांची तान कोण विसरेल, पण ती तान तासभर विलंबित भोगून आलेली असते. आमच्या पोरांना विलंबित न देता तान देतो आहोत, वर शाबासकीही देतो आहोत. एक सूर हळू लावणाऱ्या मुलाला ‘अजून येत नाही वाटतं नीट’ असं ऐकावं लागतं. यात मुलांचा काही दोष नाही.

बरं, हळू सूर शिकवायचा तरी कुठून? बेक १० जानेवारी २०२३ ला गेला, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होऊन. त्याच्या नावाची स्ट्रॅटोकास्टर फेंडर कंपनी १९९१ पासून विकते आहे. पैसे टाकले की घरपोच येते. टॅब या गिटारीच्या लिपीत त्याच्या रचनांचा पडदा न् पडदा लिहिलेला सापडतो. भातखंड्यांनी बंदिशी लिहून ठेवल्या तेव्हा ज्याची हळहळ घराणेदार गवयांना वाटली असेल, तीच इथे वाटते. कागदावर स्वर उतरतो, तो लावायचा कसा ते उतरत नाही. बटण किती उघडलं, कधी मिटलं, याला चिन्हच नाही. आपल्याकडे निदान शिष्य समोर बसवून गळ्यातून गळ्यात घालायची रीत होती. या माणसाने गंडा बांधला नाही, घराणं काढलं नाही, गाणीही फारशी लिहिली नाहीत. बहुतेक दुसऱ्यांच्याच चाली वाजवत राहिला, आणि दर वेळी थोड्या वेगळ्या. ‘नादिया’ लंडनच्या रॉनी स्कॉट्स या क्लबमध्ये २००७ साली त्याने वाजवली ती आधीच्या मुद्रणाची नक्कल नाही. तीच जागा, पण करंगळी निराळी. आता ती फक्त मुद्रणांत आहे, आणि मुद्रणाला ‘बुवा, ती जागा पुन्हा दाखवा’ म्हटलं तर ते तेवढीच, तशीच दाखवतं.

तेव्हा विनंती एवढीच. आधी स्वाती नातेकरांची ‘नादिया’ ऐका आणि लगेच बेकची. हेडफोन लावूनच ऐका. सिल्व्हर पार्कच्या सिग्नलशेजारी राहत असाल तर खिडक्याही लावून घ्या. आणि सुरुवातीला काहीच ऐकू आलं नाही तर आवाज वाढवू नका. फोन बिघडलेला नाही, बेकने अजून बटण उघडायचंय.