टेकू नको!

भोरजवळच्या आंबवड्यात तात्यांच्या अंगणात पाऊल टाकलं की "ये, बस" ऐकायला मिळत नाही. ऐकायला मिळतं, "टेकू नको!" आपण गाडीपासून चार हात लांब असतो, टेकायचा विचारही मनात नसतो. पण तात्यांची नजर आपल्या पट्ट्याच्या बकलावर खिळलेली असते. "लोखंड हाय ते. लागलं म्हंजी?"

गाडी काळी कुळकुळीत. निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. घेताना सगळ्यांनी सांगितलं, "तात्या, पांढरी घ्या, काळ्यावर जरासा ओरखडाही दिसतो." तात्या म्हणाले, "मग दिसू दे की. दिसलं तर राखता येतं." ज्या माणसानं उभी हयात एसटी चालवली, बाभळीच्या फांद्या दोन्ही अंगांना घासत घाट चढवले आणि गाडी धुवायचं काम पावसावर सोपवलं, तो हा माणूस!

धुण्याचा वार रविवार, वेळ पहाटेची. ऊन बॉनेटवर चढायच्या आत सगळं उरकायला हवं, नाहीतर साबण वाळतो आणि थेंबांचे डाग बसतात. अंगणात दोन बादल्या मांडल्या जातात. निळीत शाम्पू, लालीत नुसतं पाणी. लालीच्या तळाशी पालथी घातलेली प्लॅस्टिकची चाळणी असते. काकू ती गेलं वर्षभर स्वयंपाकघरात शोधतायत. हातमोजा निळीत बुडवायचा, एक पट्टा पुसायचा, लालीत खंगाळायचा, पिळायचा आणि मगच पुन्हा निळीत. खडे-माती चाळणीखाली बसते, मोज्याला परत चिकटत नाही. "चोर ह्या बादलीत, साव त्या बादलीत," असं तात्या समजावतात.

त्याआधी नुसत्या पाण्याची पाइपानं आंघोळ. "आधी पाणी, मग हात" हे त्यांचं ब्रीद. धुळीच्या गाडीवर कोरडं फडकं मारणारा माणूस त्यांच्या लेखी सरळ गुन्हेगार. कारणही ते सोदाहरण सांगतात. रंगावरचा पारदर्शक थर जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. धुळीतली वाळू त्याच्याहून कठीण. कोरडं पुसणं म्हणजे काचकागद फिरवणं. केसाची जाडी दाखवायला एक केस उपटावा लागतो. स्वतःचा उपटणं तात्यांना आता परवडत नाही, म्हणून समोरच्याचा उपटतात.

हात सरळ रेषेत चालवायचा, गोल गोल नाही. टपापासून खाली यायचं. दारांच्या खालच्या चिखलाळ भागाला वेगळं फडकं, चाकांना वेगळं. फडकं जमिनीवर पडलं की ते जागच्या जागी निलंबित. चौकशी नाही, सुनावणी नाही. थेट सायकलीच्या चेनवर बदली.

बोअरचं पाणी सुकलं की पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटचा हात पागोळ्यांच्या पाण्याचा. पण पहिल्या पावसाचं पाणी चालत नाही. दोन-तीन पावसांत पत्रा धुऊन निघाला की मग पिंप लावायचं. एवढं सोवळं आमच्या आजीनं देवाच्या पाण्याचंही पाळलं नसेल.

काकूंचं आणि त्यांचं भांडण सॉफ्टनरवरून. एकदा काकूंनी ती मायक्रोफायबरची फडकी प्रेमानं सुवासिक करून वाळत घातली. सॉफ्टनरनं धागे बुजतात, मग फडकं पाणी शोषत नाही. तात्या दोन दिवस बोलले नाहीत. काकूंचं म्हणणं एवढंच, "माझी साडी कधी झटकली का ह्यांनी?"

दसऱ्याला तर पेच. काकू बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला निघाल्या आणि तात्या ताट अडवून उभे. "कुंकवानं रंग धरला म्हंजी?" शेवटी तोडगा निघाला. स्वस्तिक काचेवर, झेंडूचा हार आरशांना, लिंबं चाकांखाली आणि नारळ दहा पावलं लांब, शिंतोडे उडू नयेत म्हणून.

गावातल्या नागेश्वराच्या दर्शनाला आणि संस्थानकाळातला झुलता पूल बघायला पुण्याहून मंडळी येतात. रायरेश्वराला निघालेलेही रस्ता विचारायला थांबतात. तात्या रस्ता सांगतात, पण आधी त्यांची गाडी उन्हात तिरकी न्याहाळतात. "गोल गोल पुसताय न्हवं? बघा, कोळ्याचं जाळं झालंय." पाहुणा वरमतो. पूल राहतो बाजूला, अर्धा तास बादल्यांवर व्याख्यान.

आता गाडीचं दार उघडा. आत भाताच्या बियाण्याची पोती, खताचा वास, पायाशी पेंढा, मागच्या सीटवर कुणाच्या तरी आजारी करडाच्या खुरांचे ठसे. मी विचारलं, "तात्या, बाहेर आरसा आणि आत हे काय?" तर म्हणाले, "आत माणसं बसायची. आतनं गाडी झिजली तर सार्थकी लागली. बाहेरनं झिजली तर निस्ता हलगर्जीपणा."

गेल्या आषाढात मी मुक्कामाला होतो. चिखलणीचे दिवस, रात्रीचा धो धो पाऊस. शेजारची म्हातारी तापानं फणफणलेली. तिला भोरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पोरांनी तिला धरून आणलं. पाय चिखलानं माखलेले, मनगटात जाड पाटल्या. दाराशी तिचा तोल गेला आणि तिनं आधाराला दोन्ही हात गाडीवर ठेवले. पाटल्या पत्र्यावरून खर्रकन घसरल्या. मी डोळे मिटले.

"टेक, आक्का," तात्यांचा आवाज आला. "नीट टेक. घाई नको."

धीर येऊन मीही छत्री सावरत बॉनेटवर हात ठेवला.

"तू नको टेकू!"