सगळं खापर कार्बोरेटरवर

भर रस्त्यात जुनी येझदी मोटरसायकल बंद पडली की मालक स्टँड लावेपर्यंत तिच्याभोवती तज्ज्ञ मंडळ जमलेलं असतं. त्यातल्या निम्म्यांनी कधीकाळी येझदी चालवलेली असते, उरलेल्यांच्या मामाने. प्लग काढून कुणी बघत नाही, पण निदान एकमताने होतं : कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय!

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९९६ मध्ये या गाड्या निघायच्या बंद झाल्या. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि बहुतेक नव्या दुचाकी कार्बोरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या. त्यामुळे तरुण मेकॅनिक येझदीभोवती प्रदक्षिणा घालून स्कॅनर कुठे जोडायचा ते शोधतो, आणि सत्तरीचा मेस्त्री सुटीवर गावी गेलेला असतो. मग मालक स्वतःच स्क्रू ड्रायव्हर हातात घेतो. घरच्यांच्या दृष्टीने खरा बिघाड इथे सुरू होतो.

खरं तर कार्बोरेटर हे यंत्र अगदी साधं. अरुंद गळ्यातून हवा वेगाने गेली की तिथला दाब उतरतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. हलणारे भाग म्हणजे एक स्लाइड, तिला लटकलेली सुई आणि वाटीतला फ्लोट. त्या फ्लोटची पिन नीट बसली नाही की ओव्हरफ्लो होतो, पेट्रोल थेट फरशीवर येतं आणि सोसायटीचे सेक्रेटरी थेट दारात.

जेटचं प्रकरण मात्र नाजूक. मेन जेटचं भोक जेमतेम मिलिमीटरभर, पायलट जेटचं त्याच्याही निम्मं. टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेलं. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की पेट्रोल उडून जातं आणि चिकट राळ तेवढी मागे राहते. हल्लीच्या पेट्रोलमधलं इथेनॉल वरून ओल शोषतं आणि जुन्या रबरी भागांना ते सोसत नाही. हे साफ करायला मालक बायकोच्या डब्यातली सुई पळवतो. जेट पितळेचं, मऊ. सुईने भोक मोठं होतं, गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते आणि मालक ‘कचरा’ निघाल्याच्या आनंदात असतो. कार्ब क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, एवढंच त्या जेटला पुरतं.

कुठलं जेट दोषी, हे गाडीच सांगते. मुठीवर चिकटपट्टी लावून पावभर, अर्धी, पाऊण अशा खुणा कराव्यात. स्लो स्पीडला आणि पावभर मुठीपर्यंत गाडी अडखळली तर पायलट जेट, मधल्या पट्ट्यात स्लाइडची सुई, मूठ पूर्ण पिळल्यावर घुसमटली तर मेन जेट. प्लग काजळीने काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी. कॉफीच्या रंगाचा निघाला तर गुपचूप परत बसवावा आणि स्क्रू ड्रायव्हर कपाटात ठेवावा.

पण अनेकदा कार्बोरेटर साफ निर्दोष असतो. इग्निशनचे पॉइंट जळलेले, कंडेन्सर गेलेला, क्रँकचं ऑइल सील फाटून भलतीकडूनच हवा शिरतेय. मिसिंग मारलं की शिक्षा मात्र यालाच. त्यातही वस्ताद म्हणजे टाकीचं झाकण. त्यातलं हवेचं बारीक छिद्र बुजलं की गाडी थोडं अंतर झकास पळते आणि बंद पडते. मालक पेट्रोल बघायला झाकण उघडतो, ‘फुस्स’ होतं, गाडी एका किकमध्ये चालू! पुढच्या चौकात पुन्हा तोच प्रयोग. असे मालक कार्बोरेटर खोलून खोलून थकतात, आणि काम असतं एका टाचणीचं. (इथे मात्र टाचणी खुशाल चालवावी.)

तेव्हा आधी झाकण, मग प्लग, मग पॉइंट आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर, हा क्रम पाळा. खोलायचाच असेल तर त्याचा हवेचा पितळी स्क्रू किती फेरे बाहेर होता ते आधी लिहून ठेवा. आणि सगळं जोडून झाल्यावरही गाडी चालू झाली नाही, तर मेस्त्रीला फोन करण्यापूर्वी एकदा वाकून पेट्रोल कॉक उघडा आहे का ते बघा.