उंबरमाळीहून फडके रोडला

टोकियोत हाराजुकू नावाचा एक भाग आहे. चित्रविचित्र कपडे चढवायचे आणि तिथल्या गल्ल्यांतून नुसतं हिंडायचं, हा तिकडच्या तरुण पोरापोरींचा कित्येक वर्षांचा उद्योग. त्यातली ताकेशिता नावाची गल्ली जेमतेम साडेतीनशे मीटरची. दोन्ही बाजूंना कपड्यांची दुकानं, आणि आपल्या घावनासारखं काहीतरी पातळ भाजून, त्यात क्रीम नि स्ट्रॉबेरी गुंडाळून हातात देणारे क्रेपवाले. पुतण्याने मला मोबाइलवर हे सगळं दाखवलं आणि विचारलं, “काका, आपल्याकडे का नाही असलं काही?”

आपल्याकडे म्हणजे उंबरमाळीत! खर्डी आणि कसारा यांच्या मधलं आमचं स्टेशन. लोकल थांबते, हे उपकार. मेल-एक्स्प्रेस शिट्टी मारण्यापलीकडे आमची दखल घेत नाहीत. २०२१च्या जुलैत रुळांवरचं पाणी फलाटाला टेकलं, तेव्हा टीव्हीवर उभ्या महाराष्ट्राने उंबरमाळी पाहिली. प्रसिद्धीचा आमचा अनुभव एवढाच.

नटायला जागा लागत नाही, अनोळखी माणसं लागतात. ती आमच्याकडे नाहीत. इथे पोरगं गॉगल लावून बाहेर पडलं की पहिली म्हातारी विचारते, “डोळे आले का रं?” दुसरी त्याच्या लहानपणीचा शेंबूड काढते. मुरबाडकडे पौषी पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरते, तिथे गर्दी म्हणाल तर उदंड. पण तिथे लोक बैल बघायला येतात. शिंगं रंगवलेल्या खिल्लाऱ्याशेजारी उभं राहून आमचं पोरगं कितीही ऐटीत असलं, तरी भाव बैलालाच विचारतात.

म्हणून दिवाळी पहाट आली की आमच्या पट्ट्यातली पोरं लोकल धरतात आणि डोंबिवलीचा फडके रोड गाठतात. नरक चतुर्दशीला पहाटे उठायचं, उटणं लावायचं, कारीट फोडायचं, नवे कपडे घालायचे आणि गणेश मंदिरात दर्शन घ्यायचं, हे त्याचं अधिकृत कारण. दर्शन होतंच, पण मंदिर रस्त्याच्या टोकाला असल्यामुळे तिथवर पोचायला दोन-तीन तास लागतात. रस्ता वाहनांना बंद, ढोल-ताशा चालू, आणि हजारो पोरंपोरी एकमेकांना बघत पुढे सरकत असतात. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेलाही हीच तऱ्हा.

गेल्या दिवाळीत पुतण्याबरोबर मीही निघालो. त्याने पांढराशुभ्र कुडता घातला होता, इस्त्री मोडू नये म्हणून उभा राहूनच चहा प्यायला होता. आमच्या पहाटेच्या लोकलला मात्र फॅशनची कदर नाही. तीत झेंडूच्या पाट्या, आंब्याचे टाळे, भाताच्या लोंब्या घेऊन कल्याणच्या बाजाराला निघालेल्या बायका असतात, आणि दारातली जागा त्यांची. आटगावला रेटा आला आणि हा थेट झेंडूवर. उठला तेव्हा कुडत्याच्या पाठीवर पिवळा पंजा उमटला होता. पाटीवालीने आधी फुलं तपासली, मग कुडता पाहिला आणि म्हणाली, “बरं झालं, आता उठून दिसशील.” आणि खरंच, फडके रोडवर अप्पा दातार चौकात एका मुलीने त्याला विचारलं, “हे ब्लॉक प्रिंट कुठून घेतलंस?” त्याने गंभीर चेहऱ्याने सांगितलं, “कसाऱ्याकडे करतात.”

हाराजुकूतही वेगळं काही नव्हतं. तिथे नटून मिरवणारी पोरं बरीचशी टोकियोच्या आसपासच्या उपनगरांतली. घरून साध्या कपड्यांत निघायचं, अवतार पिशवीत ठेवायचा आणि तिथे पोचल्यावर तो चढवायचा. म्हणजे त्यांच्याकडेही शेंबूड आठवणाऱ्या आज्या असणार. १९७७पासून शेजारचा ओमोतेसांदोचा रस्ता रविवारी वाहनांना बंद ठेवू लागले. पोरं तिथे नाचू लागली, बँड वाजवू लागली. गोंगाट वाढला, तक्रारी वाढल्या, आणि १९९८मध्ये ते बंद झालं. फडके रोडवरही डीजेच्या भिंतींवरून पोलिसांना दरवर्षी डोकं धरावं लागतं, तेव्हा या बाबतीत आपण जपानच्या फार मागे नाही.

आणखी एक जमून आलंय. हाराजुकूच्या एका अंगाला मेजी देवस्थान, दुसऱ्या अंगाला फॅशन, आणि मध्ये रेल्वे स्टेशन. डोंबिवलीत एका टोकाला गणपती, दुसऱ्या टोकाला स्टेशन, आणि मध्ये फॅशन. हाराजुकूच्या जुन्या लाकडी स्टेशनची इमारत १९२४ची, आणि डोंबिवलीचं गणेश मंदिरही १९२४चं. स्टेशन आगीच्या नियमात बसत नाही म्हणून २०२०मध्ये उतरवलं. गणपती मात्र सगळ्या नियमांना पुरून उरून जागच्या जागी आहे. देव आणि स्टेशन उंबरमाळीतही आहेत हो, पण मधल्या वाटेवर बघायला कोणी नाही. मुरबाडकरांचं तर आणखी अवघड. तिथे देव आहेत, बघणारे आहेत, रेल्वे अजून यायची आहे.

आमच्या दिवाळीतल्या फेरीची परतफेड डोंबिवलीकर पावसाळ्यात करतात. कसाऱ्याजवळ विहीगावचा धबधबा आहे. २००१च्या ‘अशोका’ चित्रपटाचं चित्रण तिथे झालं, तेव्हापासून त्याचं नावच अशोका धबधबा. जुलैत शनिवार-रविवारी तिकडची पोरं हाफ पँटी घालून आमच्या लोकलमधून उतरतात, दोरीला लटकतात, चिखलात लोळतात आणि तृप्त होऊन परततात. ती आमच्याकडे मळायला येतात, आम्ही त्यांच्याकडे धुतलेले जातो. दोन्ही वेळेला फोटो तेवढेच निघतात. मला विचाराल तर आमचाच सौदा बरा. आम्हाला नुसता कुडता लागतो, त्यांना दोरी, हेल्मेट आणि गाइड.

हाराजुकूला मी गेलेलो नाही, जायची घाईही नाही. फडके रोडवर बटाटावडा मिळतो आणि तो चालताना गळत नाही.

तुम्ही येत्या दिवाळीत जाणार असाल तर एकच सांगतो. परतताना डोंबिवलीला इंडिकेटर नीट बघा. कसाऱ्याच्या गाडीला ‘एन’ हे अक्षर असतं, कर्जतच्या गाडीला ‘एस’. गर्दीच्या लोंढ्यात चढलात आणि ‘एस’ निघालं, तर कल्याणनंतर गाडी आमच्याकडे वळत नाही, आणि नव्या कपड्यांत थेट नेरळच्या फलाटावर उतरावं लागतं. तिथे तुम्हाला ओळखणारं कोणी नसेल, पण सकाळी अकरा वाजता बघणारंही कोणी नसतं.