चेहऱ्याकडे बघून हळहळणाऱ्या समस्त हितचिंतकांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, माझ्या हनुवटीवर डाव्या बाजूला कालपासून एक नवी पुळी आली आहे. मला ती सकाळी दात घासताना आरशात दिसली. तुम्हाला ती जिन्यात, ८.५२च्या लोकलमध्ये, ऑफिसात चहाच्या वेळी आणि संध्याकाळी कोथिंबिरीची जुडी निवडताना दिसली. माझ्या नजरेतून ती सुटली असेल या काळजीपोटी प्रत्येक ठिकाणी तुम्ही मला तसं कळवलंतही. या तत्परतेबद्दल आभार मानावेत आणि जमल्यास दोन-चार शंकांचं निरसन करून घ्यावं, म्हणून हा पत्रप्रपंच.

नावं घेत नाही. आत्या, मामी, तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, पार्लरमधल्या ताई, कोपऱ्यावरच्या मेडिकलमधले दादा आणि आमच्या ऑफिसात नवीन आलेली, पगाराच्या दिवशी सिरम मागवणारी मुलगी. ज्याचं त्याला कळेल.

‘चेहरा नीट धूत जा गं’ हे तुमचं आद्य वचन. मी चौदा वर्षांची असताना ते पहिल्यांदा ऐकलं, आता पस्तिशी ओलांडली तरी ते चालूच आहे. यात गृहीत असं आहे की मी चेहरा धूत नाही, किंवा धुते पण मन लावून धूत नाही, आणि चेहऱ्यावर जे तेल चकाकतं तो मळ आहे. तर मंडळी, त्या तेलाच्या ग्रंथी तळहात आणि तळपाय सोडले तर अंगावर जवळजवळ सगळीकडे असतात. चेहऱ्यावर आणि डोक्यावर त्यांची इतकी दाटी असते की एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४०० ते ९०० भरतात. त्यांना कामाला लावतात ती अँड्रोजन नावाची संप्रेरकं. ती मुलांइतकी नसली तरी मुलींच्याही शरीरात असतात आणि वयात येताना वाढतात. साबण, रस्त्यावरची धूळ आणि माझा आळस यांपैकी कुणाचाही हुकूम या ग्रंथींवर चालत नाही. कुणाच्या ग्रंथी या संप्रेरकांना किती दाद देतात, हे बरंचसं आनुवंशिक असतं. आत्या, हे वाक्य कृपया दोनदा वाचावं.

पुळी तयार होते तीही वरून नाही, आतून. केसाच्या मुळाशी असलेल्या नळीतल्या मेलेल्या पेशी एरवी गळून बाहेर पडतात. मुरुमं येणाऱ्या त्वचेत त्या एकमेकींना चिकटतात, त्यात तेल मिसळतं आणि डोळ्यांना न दिसणारं एक बूच बसतं. त्या बुचामागे क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जंतू वाढतात. ते एरवीही आपल्या त्वचेवर नांदतच असतात. २०१६ पर्यंत त्यांचं नाव वेगळं होतं, उद्योग हेच. मग शरीराची संरक्षणयंत्रणा चवताळते आणि लाल, दुखरी पुळी वर येते. बूच बसल्यापासून पुळी दिसेपर्यंत काही आठवडे जातात. त्यामुळे ‘काल काय खाल्लंस?’ ही तुमची उलटतपासणी फार उशिरा सुरू होते. नाकावरच्या ब्लॅकहेड्सचा काळा रंगसुद्धा धुराचा किंवा धुळीचा नसतो. उघड्या बुचातलं मेलॅनिन आणि हवा लागून बदललेलं तेल यांचा तो रंग. तो घासून जात नाही. घासून त्वचा मात्र जाते.

तुमच्यातले काही जण ‘आपल्या जुन्या लोकांना सगळं माहीत होतं’ असं म्हणतात. मान्य. सुश्रुतसंहितेत या पुळ्यांना मुखदूषिका म्हटलं आहे, क्षुद्ररोगांत त्यांची गणना केली आहे आणि सावरीच्या काट्यांसारख्या दिसतात असं त्यांचं वर्णन आहे. त्या तरुणांच्या तोंडावर येतात हेही तिथे नोंदवलेलं आहे. सुश्रुताने त्यासाठी कफ, वात आणि रक्त यांना जबाबदार धरलं. चेहरा न धुणाऱ्या मुलीला नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू. लिंबू, खायचा सोडा, हळद, डाळीचं पीठ, टोमॅटोची फोड, टूथपेस्ट. माझ्या चेहऱ्याचं तुम्ही काय करायचं ठरवलं होतं, भजी की भाजी, हे मला कधीच कळलं नाही. त्वचा किंचित आम्ल असते, पीएच पाचच्या आसपास. लिंबाचा रस दोनच्या जवळ आणि खायच्या सोड्याचं पाणी आठच्या वर. एकाच आठवड्यात काकूंनी पहिला आणि मामींनी दुसरा सुचवला होता. त्वचेने मधल्या मध्ये काय करायचं? लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. टूथपेस्टने पुळी सुकते हे खरं, सोबत आजूबाजूची कातडीही सोलवटते. मुलतानी मातीबद्दल मात्र मी वाईट बोलणार नाही. ती वरचं तेल खरोखर शोषते आणि तास-दोन तास चेहरा कोरडा दिसतो. आतल्या ग्रंथीला त्याची खबर नसते, एवढंच.

दिवाळीच्या पहाटे उटणं लावायलाही माझी ना नाही, वर्षातून एकदा होतं आणि वास छान येतो. पण खसाखसा घासू नका. आणि ‘नैसर्गिक आहे गं’ म्हणून चेहऱ्याला खोबरेल चोपडायचा आग्रहही नको. केसांना रोज चोपडून तेल लावणाऱ्यांच्या कपाळावर, केसांच्या रेषेलगत, बारीक पुळ्यांची रांग उठते हे डॉक्टरांनी १९७० सालीच नोंदवून ठेवलं आहे. वेणी घालताना माझं कपाळ चकचकीत करून देणाऱ्या हातांना हे सांगायचं धाडस मला तेव्हा झालं नाही.

मामींचा विषय खाण्याचा. ‘आंबे कमी खा, अंगात उष्णता आहे.’ इथे मामींना थोडे गुण द्यावे लागतील, पूर्ण नाही. १९६९ साली अमेरिकेत फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या तिघांनी मुरुमं असलेल्या ६५ जणांना काही आठवडे रोज चॉकलेटची वडी दिली आणि तुलनेसाठी काही आठवडे बिनचॉकलेटची. फरक दिसला नाही, आणि खाण्याचा मुरुमांशी संबंध नाही असं पुढे कित्येक वर्षं सांगितलं गेलं. मग कुणीतरी बारकाईने पाहिलं. त्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तितकेच होते, आणि प्रयोगाला चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा हातभार होता. पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात तरुण मुलग्यांना रक्तातली साखर झपाट्याने न वाढवणारा आहार बारा आठवडे दिला, तेव्हा त्यांची मुरुमं कमी झाली. तेव्हा मामी, मिरचीच्या ठेच्यावर उगाच आळ घेऊ नका. संशय घ्यायचाच तर मैदा, कोल्ड्रिंक आणि गोडधोडावर घ्या, आणि तोही जपून. माझ्या ताटातली आमरसाची वाटी उचलून न्यावी इतका पुरावा अजून कुणाकडेच नाही.

मेडिकलमधल्या दादांशी मात्र मला थट्टा जमत नाही, तरी प्रयत्न करते. दादा, तुम्ही काउंटरवरून जी छोटी ट्यूब काढून देता आणि म्हणता, ‘ताई, दोन दिवसांत चेहरा क्लीन’, तिच्यावरची बारीक अक्षरं तुम्ही कधी वाचली आहेत का? त्यात क्लोबेटासोल असतं, किंवा मोमेटासोन. दोन्ही स्टेरॉइड. सोबतीला बुरशीचं औषध, प्रतिजैविक, नाहीतर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. स्टेरॉइडने लाली आणि सूज झटकन उतरते, म्हणून तुमचं वचन दोन दिवस खरंही ठरतं. मग मुलगी ती क्रीम महिनाभर लावते, मैत्रिणीला देते, बहिणीला देते. त्वचा पातळ होत जाते, गालांवर लाल शिरा दिसू लागतात, लव वाढते, आणि गंमत म्हणजे त्याच क्रीममुळे नव्या पुळ्या येतात. बंद केली की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून ती पुन्हा तुमच्याकडेच येते. धंद्याच्या दृष्टीने याहून निष्ठावान गिऱ्हाईक नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या ओरड्यानंतर मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांची सवलत काढून घेतली. ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तुमच्या दुकानात हे पत्रक पोचलं नसावं, टपालाचा घोळ असेल.

आता राहिली आमची ऑफिसातली मुलगी. तिच्याकडे विद्या आहे, फक्त सगळी एकाच रात्री वापरायची घाई आहे. सॅलिसिलिक आम्ल, त्यावर ग्लायकोलिक, त्यावर रेटिनॉल, त्यावर क जीवनसत्त्व, आणि सकाळी ‘माझी स्किन सेन्सिटिव्ह आहे’ अशी तक्रार. बाई गं, ती सेन्सिटिव्ह नव्हती, तू तिला केलीस. बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांवर भाळू नये. ‘नॉन-कोमेडोजेनिक’ म्हणजे छिद्रं न बुजवणारं. पण तसं छापण्यासाठी अमुक एक परीक्षा उत्तीर्ण व्हावी असा कायदा नाही. कुठल्या घटकाला किती गुण याचे जे तक्ते तू फोनवर बघतेस, त्यांची सुरुवात सशांच्या कानांच्या आतल्या कातडीवर झालेल्या चाचण्यांतून झाली, आणि सशाचा कान आपल्या गालाहून फार लवकर बुजतो. तरी पुळ्या येणाऱ्याने तो शब्द बघून घ्यावा, नसण्यापेक्षा बरा. कोळशाचा फेसवॉश? तो चेहऱ्यावर अर्धा मिनिट टिकतो आणि मग मोरीत जातो. तेवढ्यात कोळशाने काय साधायचं?

मागची बारीक अक्षरं अधिक उपयोगी. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळतं, म्हणून छिद्रात शिरतं. अर्धा ते दोन टक्के पुरे. बेन्झॉइल पेरॉक्साइड जंतू मारतं आणि जंतूंना त्याची सवय होत नाही. त्याचं अडीच टक्क्यांचं जेल पाच आणि दहा टक्क्यांइतकंच काम करतं, आग मात्र कमी करतं, हे १९८६ पासून माहीत आहे. (टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे ठेवावेत, रंगीत असतील तर ते फिके करतं.) अ‍ॅडापॅलिन थेट त्या बुचाचा बंदोबस्त करतं. अमेरिकेत ते २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. इथे डॉक्टरला विचारून घ्यावं, आणि दिवस राहिले असतील किंवा राहावेत असा विचार असेल तर घेऊच नये. ते वाटाण्याएवढं घेऊन मुरुमं येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ लावायचं असतं. दिसणाऱ्या पुळीवर थापायचं नसतं, कारण आठवड्याभराने येणारी पुळी शेजारी दबा धरून बसलेली असते.

मी काय लावते, असं पार्लरमधल्या ताईंनी विचारलं होतं. साधा, फेस कमी करणारा फेसवॉश सकाळ-संध्याकाळ, जेलसारखं मॉइश्चरायझर, सकाळी सनस्क्रीन, रात्री डॉक्टरांनी दिलेलं औषध. ताईंचा चेहरा पडला. ‘आधीच तेलकट, त्यात मॉइश्चरायझर?’ ताई, तेल आणि पाणी वेगळं. माझ्या नाकावर पापड तळता येईल इतकं तेल असलं तरी औषधांनी त्वचेतलं पाणी उडतं आणि ती फुटते, मग आग होते, मग माणूस औषधच सोडतो. सनस्क्रीनचं कारण आपला वर्ण. सावळ्या कातडीवर पुळी आठवड्यात बसते आणि डाग महिनोन्‌महिने राहतो, ऊन लागलं की आणखी गडद होतो. निदान एसपीएफ ३०चं, जेलचं घ्यावं, म्हणजे मुंबईच्या घामात कपाळावरून दह्यासारखं ओघळत नाही. आणि याचं फळ दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तुमच्या दुकानात सोन्याच्या फेशियलने तासात फळ मिळतं हे मला मान्य आहे, लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचं काय होतं तेही मी चुलतबहिणीच्या हळदीला पाहिलं आहे.

आता माझी एक शंका. इतक्या वर्षांत, इतक्या जणांनी इतकं विचारलंत, पण एकीनेही हळूच बाजूला घेऊन विचारलं नाही की, पाळी वेळेवर येते का? हनुवटीवर जाड केस येतात का? पस्तिशीतल्या बाईच्या जबड्याच्या कडेने पुळ्या येत राहिल्या आणि पाळी लांबत असली, तर पीसीओएसची तपासणी करावी लागते. पुळी सगळ्यांना दिसते, पाळीविषयी विचारायला सगळ्यांना संकोच. तसंच कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या उठल्या तर ते मुरुमं नसून केसांच्या मुळाशी वाढलेलं यीस्टही असू शकतं. आपल्या दमट हवेत ते फार सुखात राहतं आणि मुरुमांच्या औषधांना भीक घालत नाही. असल्या चौकशा तुमच्या अभ्यासक्रमात नसाव्यात.

बाकी सर्व क्षेम. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लहानांना आशीर्वादच, फेसवॉश नको.

आपली,
हनुवटीवर डाव्या बाजूला

ता. क. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, गच्चीवर पाणी तुंबलं तेव्हा तुमचा दहावीतला मुलगा शर्ट काढून उपसायला उतरला होता. त्याच्या पाठीवर आणि खांद्यांवर मोठ्या, दुखऱ्या गाठी आहेत. या वयात मुलग्यांची मुरुमं मुलींपेक्षा जास्त बळावतात, पण जिन्यात अडवून त्याला कुणी लिंबू सुचवल्याचं मी ऐकलेलं नाही. त्या गाठी फुटून खड्डे राहतात, आणि खड्डे कशानेही पुरते भरत नाहीत. बोर्डाची परीक्षा होऊन जाऊ दे म्हणू नका, याच महिन्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. हवं तर नंबर मी लावून ठेवते.